सत्यशीलामावशींचा वेग

नागापूरच्या एमआयडीसीत सत्यशीलामावशींची खानावळ आहे. मावशी पंचावन्नच्या. भाकरी थापणं, शेकणं, वाढणं आणि मधेच एखाद्या आगाऊ गिऱ्हाइकाला गप्प करणं, हे त्या एका दमात उरकत. दोघांचं जेवूनही त्या वाळत चालल्या होत्या. डिसेंबरात पंखा लागे, हात थरथरत. गिऱ्हाइकांनी एकमताने निदान केलं होतं: कष्टाळू बाई. बाईचा आजार कामाच्या आड येत नसेल, तर आपल्याकडे त्याला गुण म्हणतात.

मग मोरीपाशी पाय घसरला. हात टेकला, तेवढ्यानंच मनगट मोडलं.

एवढ्याशा पडण्यावर एवढं मोडणं डॉक्टरांना पटेना. त्यांनी थरथर पाहिली, नाडी पाहिली, रक्त तपासायला पाठवलं. थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करत होतं. त्या घाईत हाडं भरून येण्याआधीच झिजत होती.

"भाकरी थापता येईल ना?" मावशींनी एवढंच विचारलं.

"येईल. पण गोळ्या मधेच सोडल्यात, तर पुढचं हाड कुठलं मोडेल ते मी सांगू शकत नाही."

प्लॅस्टर होतं तोवर मावशींचे यजमान, बिभीषणकाका, थापायला बसले. त्यांच्या भाकरीला कोपरे येत.

"काका, ह्यो कंचा तालुका?" लेथवरचा गोरक्ष विचारी.

"पारनेर. गप खा."

प्लॅस्टर निघालं, मनगट वळू लागलं. अंगही भरलं, हात स्थिर झाले. आणि तो प्रसिद्ध वेग गेला. जेवणाच्या सुट्टीत रिकामी ताटं भाकरीची वाट बघू लागली. काही गिऱ्हाइकं शेजारच्या वडापावच्या गाडीकडे वळली.

एका दुपारी मावशी गोळी तळहातावर घेऊन बघत राहिल्या.

"हिच्यापायीच हात जड झालाय."

"मग?" काकांनी विचारलं. प्लॅस्टर निघालं तरी ते परातीवरून उठले नव्हते.

मावशींनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायल्या.

"मावशी, लई सावकाश झालात तुमी," बाकावरून गोरक्ष म्हणाला.

"व्हय. घाई हाय त्यानं हात धुऊन यावं. पीठ मळलेलं हाय."

तो खरंच आला. मावशींनी त्याला गोळा दिला आणि शांतपणे स्वतःचा थापू लागल्या. गोरक्षची पहिली भाकरी तव्यावर पडली, तेव्हा काकांनी मान लांब करून पाहिलं.

"गोरक्ष, ह्यो कंचा तालुका रं?"