टर्बोवाला साडू

चोपड्याहून केळी भरून आम्ही निघालो. मी माझ्या जुन्या ट्रकमध्ये, माझा धाकटा साडू प्रल्हाद त्याच्या नव्याकोऱ्या टर्बोमध्ये. इंदूरचा सकाळचा लिलाव गाठला तर भाव, नाहीतर मातीमोल. आमच्यात मोठ्या साडूची गाडी पुढे चालते, म्हणून मी पुढे.

शिरपूरला चहा घेताना मी त्याच्या बॉनेटवर थाप मारली. "इंजिन तं मना गाडीइतलंच शे!"

"हाओ भाऊ. पण जो धूर बाहेर जास ना, तोच पंखा फिरावस. पंखा इंजिनमा हवा कोंबस. हवा जास्ती, मग डिझेल जास्ती जळस, ताकद वाढस."

म्हणजे मी जो धूर आभाळात फुकट उधळत होतो, त्याच्या जोरावर हा घाट चढणार. चहा कडू लागला.

पळासनेरपुढे सातपुड्याचा घाट सुरू झाला. पानगळ झालेले साग, खाली कोरडे नाले. पहिल्या गिअरमध्ये माझा ट्रक धापा टाकत होता आणि मागे टर्बोची बारीक शिट्टी. परक्या गाड्या आम्हाला मागे टाकून जात होत्या, हा मात्र हॉर्नही वाजवेना. पुढे गेला असता तर शिव्या तरी घातल्या असत्या! तेवढंही सुख मेल्याने दिलं नाही.

माथ्यावर बिजासनी देवीला नारळ फोडला. त्याने इंजिन चालूच ठेवलं होतं. चढण चढल्यावर टर्बोला म्हणे जरा निवू द्यावं लागतं. नवरदेवाचे नखरे नुसते!

शेवटी मीच म्हणालो, "प्रल्हाद, तू व्हय पुढे. मनामुळे तुनी केळी पिकतीन."

"नको भाऊ, बरं नही दिखस."

मी आग्रह केला. तो पाया पडला आणि मी सीटवर बसेपर्यंत दिसेनासा झाला. एवढी घाई होती तर!

इंदूरला पोचलो तेव्हा बाजार उठला होता. अडत्या (मालाचा दलाल) हसत म्हणाला, "आपके साढू अड़ गए थे. बोले, बड़े भाई का माल भी इसी भाव में लो, नहीं तो मेरा भी मत लो." प्रल्हाद पलीकडे कचोरी खात उभा होता. एक माझ्यासाठीही घेतली होती. मी ती खाल्ली. चांगली होती, याचाही राग आला.

घरी आलो तर बायकोने आधी बहिणीच्या घरचीच चौकशी केली. "प्रल्हादभाऊनी गाडी कशी शे?"

"चांगली शे," मी म्हणालो. एवढं बोलायला मला इंदूर ते चोपडा अख्खा रस्ता लागला.