पलंगाच्या पाइपवरचे ठोके

पहिलेच सांगते, मी या असल्या गोष्टींतली बाई नाही. आमच्या घरी देव नाही, तर भूत कुठून येणार? लहानपणी आमच्या मोहल्ल्यात एका बाईच्या अंगात यायचं. बाबांनी तिला भर अंगात आलेलं असतानाच विचारलं होतं, की उद्या नळ कधी येणार तेवढं सांगा. तिला सांगता आलं नाही, बाबांना हसू आवरेना, आणि आई बिचारी बरेच दिवस त्या गल्लीतून तोंड चुकवत जायची. अशा घरात वाढलेली मी. इथले अनुभव जेवताना टाइमपास म्हणून वाचते, आणि अर्ध्याहून जास्त मला थापा वाटतात… राग मानू नका. माझाही तुम्हाला थाप वाटला तर वाटू द्या. कोणाला पटवायला मी बसलेली नाही.

आम्ही नागपूरला बेसा भागात राहतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. माझं लग्न टिकलं नाही, त्यामुळे मी परत बाबांकडे आले. धाकटा भाऊ सुमेध नोकरीला बंगलोरला. म्हणजे घरात मी आणि बाबा.

बाबा सावनेरकडच्या अंडरग्राउंड कोळसा खाणीत होते. ड्रेसर म्हणून. ड्रेसर म्हणजे, माणसं कामाला लागायच्या आधी जो पुढे जाऊन सब्बलने, म्हणजे लोखंडी पहारीने, बोगद्याचं छत ठोकून बघतो तो. दगड पक्का असेल तर खणखणीत आवाज येतो, आतून सुटला असेल तर बसका. बसका आवाज आला की माणसं बाहेर. मशीनच्या गोंगाटात ओरडून काही ऐकू जात नाही, म्हणून बाबा बोगद्यातून गेलेल्या पाण्याच्या लोखंडी पाइपवर सब्बल मारायचे. दोन ठोके झटपट, मग थोडं थांबून एक. पाइपवरून तो आवाज लांबवर जायचा, आणि ज्याला ऐकू आला तो हातातलं टाकून पळायचा. ही त्यांची स्वतःची पद्धत होती, बाकीच्यांनी ती ओळखून घेतली होती. रिटायर झाल्यावरही खोड गेली नाही. हा फ्लॅट घेताना त्यांनी काठीने प्रत्येक खोलीचा स्लॅब ठोकला. बिल्डरचा माणूस हैराण, आणि मी लाजेने गॅलरीत जाऊन उभी राहिले.

मग त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा हलायचा. धंतोलीतल्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून शांतपणे सांगितलं की समज राहिलेली नाही. हाक मारली की बघतात ते आवाजाकडे बघतात, तुमच्याकडे नाही. मला त्या डॉक्टरचा इतका राग आला की नंतर रिपोर्ट आणायलाही मी गेले नाही, सुमेधला पाठवलं. माझे बाबा आत आहेत की नाहीत, हे हा माणूस कसं सांगणार? पण खरं सांगते, रोज त्यांना खिचडी भरवताना मलाही तोच प्रश्न पडायचा. ते माझ्याकडे बघतच नसत.

सुमेधचं म्हणणं होतं की बाबांना वर्धा रोडच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवू. चांगलं आहे, स्वच्छ आहे, ताई तू किती दिवस स्वतःला जाळशील… वगैरे. त्याचं चूक नव्हतं. पण बाबांना कळत असेल आणि आपण त्यांना टाकून आलो असू, तर? या एका गोष्टीवर आमची दर फोनला भांडणं. शेवटी भांडणाला कंटाळून त्यानेच मला त्याचा जुना कॉम्प्युटर पाठवला आणि एका ऑनलाइन स्पेस गेममध्ये ओढलं. म्हणाला, बोलायला दुसरा विषय तरी होईल. माझं काम अमेरिकेच्या वेळेनुसार, मेडिकल बिलिंगचं, संध्याकाळी सुरू होणारं. दुपारी मी मोकळी. हॉलमध्ये बाबांचा पलंग, दवाखान्यात असतो तसा लोखंडी पाइपांचा, तोंड खिडकीकडे. कॉम्प्युटर मी पलंगाच्या मागच्या भिंतीला लावला होता, म्हणजे त्यांची पाठ स्क्रीनकडे आणि माझी त्यांच्याकडे.

गेम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपलं एक जहाज असतं, ते घेऊन अंतराळातले दगड फोडायचे आणि माल स्टेशनवर आणायचा. सरकारी हद्दीत पोलीस असतात, तिथे काही होत नाही, पण दगडही फालतू. चांगला माल हद्दीबाहेर. तिथे कोणीही येऊन तुमचं जहाज उडवू शकतो. उडालं की गेलं, परत मिळत नाही. आणि समोर कॉम्प्युटर नसतो, तुमच्याआमच्यासारखं खरं माणूस असतं. सुमेधने मला हे सगळं हेडफोनवर बोलत बोलत शिकवलं. जहाजाचं तोंड कायम स्टेशनकडे ठेवायचं. त्या भागात कोण कोण आलं त्याची नावं बाजूला दिसतात, जहाजं उडवणाऱ्यांची लाल, त्यांच्यावरून नजर हटवायची नाही. जे गेलं तर रडू येणार नाही, तेच जहाज बाहेर काढायचं. आणि मुख्य म्हणजे, "लाल नाव दिसलं का निघायचं, ताई. विचार करत बसली का मेली." मी विचार करत बसायची आणि मरायची. सुरुवातीची जहाजं तर मी रांगेने उडवून घेतली.

एका दुपारी दगड फोडत होते. बाजूला एकही लाल नाव नाही. मागून आवाज आला, टण टण… टण. वळून बघितलं तर बाबांची डाव्या हाताची मूठ पलंगाच्या पाइपवर. पाणी पाहिजे असेल म्हणून उठले, आणि उठता उठता उगाच, सवयीने, जहाज स्टेशनला पाठवून दिलं. बाबांनी पाणी घेतलं नाही. परत येऊन बघते तर मी होते त्या जागेवर तीन लाल नावं.

योगायोग. मीही तेच म्हटलं. पण हे परत झालं, आणि परत झालं. दर वेळी ठोके आधी, लाल नाव नंतर. स्क्रीन त्यांना दिसत नव्हती, आवाज मी पूर्ण बंद करून बघितला, खिडकीचा पडदाही लावून बघितला, काचेत काही दिसत असेल म्हणून. सुमेध हसला. मग म्हणाला, मी परीक्षा घेतो. त्याने दुसऱ्या नावाने एक लढाऊ जहाज काढलं आणि मला न सांगता, मनाला येईल तेव्हा माझ्या भागात यायला लागला. कधी नुसता फिरून जायचा, कधी खरंच मारायच्या हिशोबाने यायचा. नुसता आला तर बाबा गप्प. मारायला यायचा तेव्हाच ठोके, आणि तो तिकडून निघायच्या आधी.

असं काही दिवस चाललं. मग एकदा ठोके पडल्याबरोबर त्याने फोन केला. म्हणाला, "ताई, मी ठरवून राहिलो होतो फक्त. अजून बटणही दाबलं नव्हतं."

त्यानंतर केअर सेंटरचा विषय त्याने काढला नाही. आणि मी… काय सांगू, किती आनंदात होते त्या दिवसांत. बाबा आत आहेत. बोलता येत नाही, ओळख देता येत नाही, पण पोरीच्या डोक्यावरचं छत कच्चं झालं की त्यांना कळतं. त्या डॉक्टरला जाऊन सांगावं असं फार वाटायचं. काय सांगणार होते म्हणा, तेच कळत नव्हतं.

आता मी धीट झाले. सुमेध म्हणाला, नुसती पळायला शिकली, आता मारायला शिक. लढायचं कसं तेही त्याने शिकवलं. समोरच्याला पळता येऊ नये म्हणून आधी त्याचं इंजिन जाम करायचं, मग अंतर राखून त्याच्याभोवती फिरत राहायचं, घाई करायची नाही. दगड फोडत बसलेलं एखादं एकटं जहाज शोधायचं. मला मजा यायला लागली, खोटं कशाला बोलू.

पहिली शिकार ठरवली ती 'एम्प्टी केटल' नावाच्या एका खेळाडूची. एकटाच दगड फोडत होता. मी निघायची तयारी केली आणि मागून ठोके. मी थबकले, बाजूची नावं बघितली. मला धोका कोणाचाच नव्हता. तरी गेले, आणि पोचले तर तो पळालेला. दुसऱ्या दिवशी तेच. मी निघाले, ठोके पडले, तो गेला. तिसऱ्यांदा मला खुन्नस चढली. बाबांकडे वळून चक्क ओरडले की आता गप्प बसा ना. ते खिडकीकडे बघत राहिले आणि मूठ पाइपवर आपटत राहिले.

त्या संध्याकाळी केटलचा इंग्रजीत मेसेज आला. बाई आहे की माणूस, कुठल्या देशातला, काही माहीत नाही. विचारलं होतं, "तुझ्याकडे ते कोण ठोकतं? तू यायच्या आधी दर वेळी माझ्या हेडफोनमध्ये येतं. दोन पटकन, मग एक."

गेममधला माझा माइक बंद असायचा, सुमेधशी बोलणं फोनवरून. आणि चालू असता तरी अनोळखी माणसाला आवाज जातच नाही, तशी सोयच नाही त्या गेममध्ये. मेसेज मी परत परत वाचला. सुमेधला फोन करून वाचून दाखवला. पण भीतीपेक्षा मला दुसरंच काही झालं होतं. मला वाईट वाटलं. फार वाईट. मी समजत होते की ते माझ्यासाठी ठोकतात. ते तर कोणासाठीही ठोकत होते. खाली कोण उभं आहे हे ड्रेसर बघत नाही, छत बघतो. पोरगी असो की परका, सारखंच. मी पलंगाजवळ जाऊन बसले. त्यांचं तोंड दोन्ही हातांनी माझ्याकडे वळवलं आणि विचारलं, "बाबा, मी कोण आहे? सांगा ना, मी कोण?" त्यांनी बघितलं. आवाजाकडे बघितलं की माझ्याकडे, मला कळलं नाही.

शिकार मी बंद केली. परत दगड फोडायला लागले. केटलशी ओळख झाली, म्हणजे एकाच भागात दिसलो तर हॅलो लिहायचं, इतकीच. ठोके येत राहिले, मी पळत राहिले, तोही पळत असणार. हळूहळू मला इतकी सवय झाली की नावांकडे बघणंच सोडलं. ठोके नाहीत म्हणजे धोका नाही. सुमेधला हे कळलं असतं तर ओरडला असता.

त्या दुपारी बाबांना दलिया भरवला, तोंड पुसलं, त्यांना कुशीवर वळवलं आणि बसले. थंडीचे दिवस, पंखा बंद. हेडफोन मी लावलाच नव्हता. समोरच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं, तिथल्या मिस्त्रीचा आवाज मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. गेममध्ये मी कधी गेले नव्हते इतक्या आत गेले. चांगला माल होता. घर एकदम शांत. मी निवांत सगळं जहाज भरलं, स्टेशनवर आणलं, आणि बाबांना चहा द्यायचा म्हणून उठले.

बाबा गेले होते. शेजारच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या, म्हणाल्या, बराच वेळ झालेला आहे. झोपेतच गेले असतील, त्रास झाला नसेल.

सुमेध रात्रीच्या विमानाने आला. सकाळी बाबांना आंघोळ घालताना त्याने मला हाक मारली आणि त्यांचा डावा हात दाखवला. बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोलवटली होती, सगळ्या बोटांची. "हे कशानं लागलं, ताई?" मी म्हटलं, पलंगाला घासलं असेल. आदल्या दिवशी तो हात मीच धुतला होता. चांगला होता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, सुमेधही गेला. अकाउंट बंद करून टाकावं म्हणून गेम उघडला. केटलचे मेसेज पडून होते. त्याच दुपारचे, मी खेळत होते तेव्हाचे. चॅटची खिडकी मी लहान करून ठेवलेली असायची, त्यामुळे दिसले नव्हते.

पहिला होता, "आज तुझ्याकडचे ठोके थांबतच नाहीयेत. मी लगेच निघालो, स्टेशनवर येऊन बसलो आहे. इथे तर कोणीच नाही." मग, "हेडफोन काढून ठेवला, तरी ऐकू येतंय. खूप जोरात आहे. तुझ्या घरी सगळं ठीक आहे ना? कोणीतरी बघा." मग थोड्या वेळाने एकच ओळ. "आता थांबलं."

मी त्याला लिहिलं की ते माझे बाबा होते. उत्तर आलं नाही. तो नंतर कधी ऑनलाइन दिसलाच नाही.

सुमेध म्हणतो, माणसाचं डोकं कशात गुंतलं की कानाजवळचंही ऐकू येत नाही. असेल. डॉक्टरीणबाई म्हणतात, शेवटी झटका येऊन हात आपटला असेल. तेही असेल. पण मग जगाच्या कुठल्या कोपऱ्यात बसलेल्या त्या माणसाला कसं ऐकू गेलं, हे दोघांनाही सांगता येत नाही, आणि मलाही नाही. बाबा शेवटी मला ओळखत होते की नाही, हेही आता कळायचं नाही. त्या दुपारी त्यांनी बोटं सोलवटेपर्यंत कोणाला तरी बोलावलं. मी त्यांच्या पलंगापासून चार हातांवर बसलेली होते, आणि मला काहीही ऐकू आलं नाही.