अप्पडिये!

खालच्या मजल्यावरच्या काकांना कुठलंही मूल दाखवा, त्यांचा निकाल तयार असतो. मान डावीकडे झटकायची आणि तमिळमध्ये म्हणायचं, "अप्पडिये!" म्हणजे तंतोतंत. माझ्या लेकीला गणितात कमी मार्क पडले, "अप्पडिये आई!" तिनं दार आपटलं, "अप्पडिये आजी!" आजीला या गृहस्थांनी कधी पाहिलेलंसुद्धा नाही. मूल घडण्यात घर, शाळा, मैत्रिणी, चेन्नईचा उकाडा, कशाचाच म्हणून काही हात नाही. वर तंजावरी मराठीचा हेल काढून ठरलेलं वाक्य, "रक्त, बाई, दुसरं काय!"

परवा त्यांच्याकडे कॉफी पिताना माझं डोकंच फिरलं. "मग तुमची लेक कोणावर गेलीय?" मी फाडकन विचारलं आणि लगेच जीभ चावली. तिला त्यांनी तान्ही असताना दत्तक घेतलंय, हे तिच्यासकट सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. काका कॉफीत साखर ढवळू लागले.

दहावीतली ती पोरगी समोरच कॉफी वरखाली ओतून गार करत होती. तिनं बापाकडे बघत मान डावीकडे झटकली. "अप्पडिये अप्पा!"

काका विजयी मुद्रेनं माझ्याकडे वळले.

"रक्त, बाई, दुसरं काय!"