रेबेका आत्याची पायरी

तुटलेली चप्पल हातात घेऊन आत्याच्या शेजारची सरूबाई आमच्या दवाखान्याच्या दारात उभी राहिली, तेव्हाच मी समजले. नागपूरच्या रामदासपेठेतल्या या दवाखान्यात मी नोंदणीच्या खिडकीवर बसते. तिथवर ती घरून पायी आली होती. "पोरी, तुही आत्या गेली वं... चहा घेऊन गेली मी, त बाई उठूनच नाही राहिली," एवढं बोलून ती तिथेच फरशीवर बसली. रेबेका, माझी सख्खी आत्या. मिशनच्या शाळेत मुलींना गाणं शिकवून रिटायर झालेली, लग्न न केलेली आणि आमच्या चर्चमधल्या निम्म्या लोकांशी भांडलेली. आता महिना-दीड महिना होत आला.

शोकसभेत लोक फार गोड बोलले. शांत, सोशिक, ख्रिस्ती ऐक्यासाठी झटणाऱ्या... ऐकता ऐकता माझं डोकं तापलं. सोशिक? माझी आत्या? जी वर्षानुवर्षं चर्चच्या दाराबाहेर बसली, ती काय सोसत बसली होती? ती हट्टाने बसली होती, आणि कोणामुळे बसली होती हे तिथे हार घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणी ब्र काढला नाही, म्हणून मी लिहितेय.

आमच्याकडे गोऱ्या मिशनऱ्यांनी घालून दिलेली एक रीत होती. दर तीन महिन्यांनी प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस सगळ्यांनी मिळून घ्यायचा. आदल्या शनिवारी चर्चचे वडील, म्हणजे तिथले कारभारी, आपल्या प्रत्येक सभासदाला पितळेची एक चकती देत. रविवारी ती दारात परत करायची आणि आत जायचं. चकती नाही तर भाकर नाही. सरूबाई आत्याच्या शेजारी राहायची. मूळची भिवापूरची, विधवा, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला. तिचं मिशन वेगळं. आम्ही कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणारे, तिचे लोक नदीत बुडवून देणारे. तिच्या लोकांचं चर्च इथे जवळपास नव्हतं, त्यामुळे नागपुरात आल्यापासून ती भाकर तिच्या जिभेला लागली नव्हती. एकदा मिरच्यांची देठं काढता काढता ती हे बोलली आणि रडायला लागली. आत्याने उठून आपली चकती आणली आणि तिच्या हातावर ठेवली.

त्या रविवारी दारात दानिएलकाका होते, वडीलजनांतले सगळ्यात कडक. त्यांना सगळ्यांचे चेहरे पाठ.

"ही चकती तुमची नाही, बाई."

मागून आत्या पुढे झाली. "माही आहे. मी देली तिले."

"अशी कोणाले देता येत नाही, रेबेकाबाई."

"काहून? रेशनचं कार्ड आहे काय?"

मी तेव्हा शाळकरी पोर, आत्याच्या मागेच उभी होते. हसू आवरेना म्हणून तोंडात रुमाल कोंबला. काका मात्र हसले नाहीत. सरूबाईला त्यांनी आत सोडलं नाही. "मंग माह्यं पान भी राहू द्या," म्हणून आत्या वळली आणि दोघी चर्चच्या पायरीवर बसल्या. ऊन मी म्हणत होतं. पुढच्या वेळी आत्या घरून सतरंजी घेऊन गेली.

मग दर प्रभुभोजनाला हेच. आत गाणं सुरू झालं की बाहेरून आत्याचा आवाज लागायचा, आणि आतल्या पेटीवाल्याला मुकाट तिच्या सुरात यावं लागायचं. पाद्रीसाहेब बदलले, समजूत घालणारे थकले. कोणी तिला भांडकुदळ म्हणायचं, कोणी बिनलग्नाची म्हणून डोक्यावर परिणाम झाला म्हणायचं. पण ती भाकर तिला किती प्रिय होती हे मी पाहिलंय. आत ताट फिरायला लागलं की ती गाणं थांबवायची, डोळे मिटायची आणि तिचे ओठ नुसतेच हलायचे... मला रडू यायचं आणि रागही यायचा, तिचा नाही, आतल्यांचा.

पुढे मिशना-मिशनांची एक व्हायची बोलणी पुरी झाली. मंडप पडला, भाषणं झाली, पेढे वाटले. चकत्या बंद झाल्या. दानिएलकाका स्वतः पायरीवर आले.

"चला आत, रेबेकाबाई. तुमच्या मनासारखं झालं. आपण सगळे एक झालो."

"सरू?"

काका घुटमळले. "तिचं मिशन यात आलं नाही ना..."

"मंग मी भी नाही."

सरूबाईने हात जोडले. "जा वं बाई, माह्यापायी नको."

आत्या खवळलीच. "तुह्यापायी कोण बसून राहिलं? ज्याचं जेवण आहे, त्याने बोलावताना विचारलं होतं काय, पाणी किती होतं म्हणून?" हे काकांना ऐकू जाईल अशा आवाजात होतं. पाणी शिंपडलेली माझी आत्या मरेपर्यंत बुडवलेल्या बाईशेजारी बसली. ऐक्य, ऐक्य म्हणतात ते मी एवढंच पाहिलंय. भाषणांतलं मला माहीत नाही.

गेल्या रविवारी प्रभुभोजन होतं. मी गेले तेव्हा सरूबाई पायरीवर एकटीच होती. आत्याची सतरंजी मी काखेत धरून नेली होती. एका कडेला विटलेली, एका कोपऱ्यात चहाचा डाग. ती दुमडूनच अंथरली आणि दोघी बसलो. घंटा झाली. दानिएलकाका काठी टेकत दाराशी आले. आता फार वाकलेत.

"तू तरी आत ये, पोरी. ती गेली. आता संपव हे."

"संपलं नाही, काका."

"किती दिवस बसशील?"

"ताट इथवर येईल तोवर."

आत गाणं सुरू झालं. सरूबाईने कापऱ्या आवाजात सूर लावला, मीही लावला. आत्यासारखा जमला नाही, पण दाराच्या आत गेला. थोड्या वेळाने वर पाहिलं तर काका तिथेच उभे. आत त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत रिकामी होती, आणि ते दोन्ही हात काठीवर ठेवून आमच्याकडे बघत होते. बसले नाहीत. पण आतही गेले नाहीत.

मी सरूबाईला जरा सरकायला लावलं आणि सतरंजीची आणखी एक घडी उलगडली.