लाल दोऱ्याचा खरारा

मी लाल दोऱ्याचा खरारा उचलला आणि त्याच खराऱ्यानं तीन शिंगरं घासली. चूक एवढीच. वाचायला पाच सेकंद लागतात. करायला अर्धा तास लागला होता, आणि तोही चाळीसेक माणसांसमोर, भाषण देत.

शिंगरू म्हणजे घोडीचं पोर, हे तुम्हाला माहीत असेल. मला तेव्हा त्याहून फारसं जास्त माहीत नव्हतं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी सांगलीचा, जनावरांचा डॉक्टर होऊन कोरेगावजवळच्या एका सरकारी दवाखान्यात नुकताच रुजू झालो होतो. गाई-म्हशींवर माझा हात बरा होता. घोडा मात्र मी परीक्षेच्या वेळी ऑप्शनला टाकला होता. ऑप्शनला टाकलेलं पुढं आयुष्यात कम्पल्सरी येतं, हा माझा अनुभव आहे.

घोड्यांचं सगळं ज्ञान त्या गावात एका माणसापाशी होतं. पलटणीत घोड्यांची चाकरी करून निवृत्त झालेले. गाव त्यांना आबा म्हणे, मीही म्हणू लागलो. उंच, वाळका माणूस, खाकी हाफ पँट, सकाळी सहाला दाढी झालेली. गावाच्या कडेला पत्र्याची एक शेड होती, तिला ते ‘पागा’ म्हणायचे. पागेत त्यांची स्वतःची घोडी, तिची वर्षाची शिंगरी, आणि लोकांनी आणून बांधलेली एखाद-दोन शिंगरं. अंगावर चट्टे उठलेली, केस गळलेली, चिखलानं पाय फुटलेली. शिंगराची कातडी नासली की सातारा-सांगलीकडची घोडेवाली माणसं आबांची वाट धरत.

पागेच्या तोंडाशी कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी भरलेली बादली असे. तुम्ही आत पाऊल टाकलं की आबा नमस्कार न करता विचारायचे, “हात?”

बस्स, एवढंच. हात धुतले का, हा प्रश्न. धुतले नसतील तर तुम्ही तलाठी असा की तहसीलदार, बाहेर. जाताना पुन्हा “हात?”. मी डॉक्टर असल्यानं मला वाटायचं, आपल्याला सूट असावी. नव्हती.

दुसरी गंमत खराऱ्यांची. भिंतीवर ओळीनं खिळे, प्रत्येक खिळ्याला एक खरारा, म्हणजे घोडा घासायचा ब्रश, आणि प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा. घोडीचा पिवळा, शिंगरीचा हिरवा. अंगावर चट्टे घेऊन आलेल्याचा लाल. शिवाय ज्याचं त्याचं फडकं, ज्याचा त्याचा दोर, ज्याची त्याची पाण्याची घमेली. मला ते बघून हसू आलं. मी तरुण होतो, शहाणा होतो, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असणं वाईट.

“आबा,” मी म्हणालो, “माणसांतली शिवाशिव कायद्यानं गेली. तुम्ही ती घोड्यांत काढली की काय?”

हे कुणाला म्हणालो ते ऐका. आबांच्या घरात बुद्धाची मूर्ती होती आणि शेजारी निळ्या कोटातल्या साहेबांची तसबीर. मी ती रोज बघत होतो.

आबांनी हातातलं काम थांबवलं नाही. “माज्या आज्याला ह्याच गावात वरनं पाणी वतायचे, साहेब, लांबनं. शिवाशिव काय असती ते मला नका सांगू. ती मानसांतली खोटी. ही जनावरांतली खरी. नायटा खराऱ्यावर बसून जातो.”

मी ओशाळून हसलो. नायटा संसर्गजन्य असतो, हे पुस्तकातही होतं. पण ते त्या दिवशी मला आठवलं नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात तर अजिबातच नाही.

कारण दुसऱ्या आठवड्यात माझं शिबिर होतं. ‘जनावरांची निगा’ असा फलक मी स्वतः रंगवला होता. शिबिर आबांच्या पागेसमोर भरवायचं, हाही माझाच हट्ट. तीन शिंगरं आयती एका जागी मिळत होती. एक आबांची शिंगरी, चारही पाय पांढरे, कपाळावर चांदणी. दुसरं गावातल्या एका बागायतदाराचं. पाय फुटले म्हणून आणलं होतं, बरं झालं होतं, चैत्रातल्या यात्रेत मिरवायला चार दिवसांनी घरी जाणार होतं. तिसरं एका धनगराचं. ते टोकाला एकटं बांधलेलं. मानेवर रुपयाएवढे दोन चट्टे, केस गेलेले, वर राखेसारखा कोंडा.

आबा घोडीला पाणी दाखवायला ओढ्यावर गेले होते. मी हात वर करून विज्ञानावर बोलत होतो. बोलता बोलता भिंतीवरचा हाताला आला तो खरारा काढला. “असा घासायचा,” म्हणून धनगराचं शिंगरू घासलं. लोक कौतुकानं बघत होते, म्हणून बागायतदाराचं घासलं. टाळी पडेल असं वाटलं, म्हणून शिंगरीही घासली. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर, आणि कोंडा माझ्या मनगटावर पिठासारखा.

आबा आले तेव्हा मी शेवटचा हात फिरवत होतो. त्यांची नजर खराऱ्यावर गेली. लाल दोरा उन्हात चांगला चमकत होता. ते पुढं आले. माझ्या हातातून खरारा घेतला आणि म्हणाले, “हात?”

लोकांना वाटलं, हा नेहमीचा विनोद. लोक हसले. मीही हसलो.

पंधरा-वीस दिवसांत शिंगरीच्या चांदणीच्या कडेला पहिला चट्टा उठला. बागायतदाराचं शिंगरू घरी जाऊन यात्रेत मिरवलं, आणि यात्रेनंतर त्याच्या पाठीवर खोगीर ठेवायच्या जागेला सात चट्टे. आणि माझ्या उजव्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याच्या वर, एक सुबक वर्तुळ. पुस्तकात छापायला हरकत नव्हती.

मी फुल बाह्यांचे दोन शर्ट शिवून घेतले. मे महिन्यात, कोरेगावच्या उन्हात, बाहीचं बटण लावून मी म्हशी तपासत फिरत होतो.

एक दिवस बागायतदार शिंगरू ओढत पागेवर आला. मी तिथंच होतो. त्याचा आवाज ओढ्यापलीकडं जात होता. “आबा, पाय बरा कराया दिलं आन् पाठ नासवून पाठवलं व्हय? तुमची पागा म्हंजी देवळागत चोख म्हनत हुतो आमी. डोळं गेलं का तुमचं?”

मागं आठ-दहा माणसं जमली होती. आबांनी बागायतदाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या तोंडाकडं नाही, बाहीकडं. मला बोलायला तेवढा वेळ होता. ‘अहो, ते माझ्याकडून झालं,’ एवढं वाक्य. मी बाहीचं बटण नीट लागलंय का ते चाचपलं.

“माजी चूक,” आबा म्हणाले. “खरारा बदलला ग्येला. बांधा हितं, बरं करून देतो.”

“नगं. ऱ्हाऊ द्या,” बागायतदार म्हणाला. “डाक्टर हायेत न्हवं हे. ह्यांच्याकडं नेतो.”

आणि नायटा पसरवणाऱ्याकडंच ते शिंगरू उपचाराला आलं.

लोक पांगल्यावर आबांनी मला आत बोलावलं. “उन्हाळ्यात फुल बाही, साहेब? दावा.” मी दाखवलं. त्यांनी मनगट उजेडात धरलं, शिंगराचा पाय धरावा तसं. कोंडा ओल्या फडक्यानं हलकेच काढला, फडकं चुलीत टाकलं, आणि माझ्याच दवाखान्यातलं मलम कडेकडून आत लावलं. “भायेरनं आत. आतनं भायेर लावलं तर आपूनच त्याला फुडं ढकलतो. खरडायचं न्हाई. घाई न्हाई.”

“आबा, तुम्ही का सांगितलं नाही?” मी विचारलं. प्रश्न निर्लज्ज होता, पण विचारला खरा.

“लोकं आत्ता कुठं दवाखान्याकडं वळाय लागल्यात. मागल्या वर्सापस्तोर हीच मानसं चट्टा दिसला की तापल्या सळीनं डाग द्यायची. तुमच्यावरचा भरोसा ग्येला तर परत डाग. शिंगराला डागताना ऐकलंय कधी? मी ऐकलंय.” मग मलमाची डबी बंद करत म्हणाले, “तुमचं बस्तान बसू द्या. मग सांगा सावकास. माजं नाव काय पळून जात न्हाई.”

तिथं त्यांचा अंदाज चुकला. नाव पळून गेलं.

बागायतदार गप्प बसणारा माणूस नव्हता. बाजारात, चहाच्या गाड्यावर, यात्रेच्या पंचांत त्यानं सांगितलं. पागेत नवं शिंगरू येणं थांबलं. धनगराचं बरं होऊन गेलं, त्याची जागा रिकामी राहिली. खिळ्यांवर खरारे ओळीनं लटकत होते, दोरे तसेच रंगीत. आबा रोज सगळे खरारे उन्हात ठेवायचे, संध्याकाळी परत अडकवायचे. मी गेलो की “हात?” विचारायचे. मी धुवायचो. आत मग घोडी आणि शिंगरीखेरीज हात लावायला कुणी नसायचं.

आणि माझं बस्तान? छान बसलं. भायेरनं आत, खरडायचं नाही, घाई नाही, ज्याचं त्याला. आबांचंच सगळं, पण चिठ्ठीवर सही माझी. लोक मला ‘घोड्याचे डॉक्टर’ म्हणू लागले. इस्लामपूरकडून टेम्पोत घालून शिंगरं यायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, हे एक शिंगरू बरं होऊ दे, मग. माझी सावकाशी अशी चार वर्षं चालली.

आबांची मुलगी मिरजेत नर्स झाली होती. सुट्टीला यायची तेव्हा मला बघून मान हलवायची, बोलायची नाही. शेवटी ती आबांना मिरजेला घेऊन गेली. घोडी आणि तिची आता मोठी झालेली शिंगरी त्यांनी त्या धनगराला दिली, पिवळ्या आणि हिरव्या दोऱ्यांच्या खराऱ्यांसकट. मला एक कोरा खरारा दिला, पांढरा दोरा बांधून. “ह्यो तुमचा. दुसऱ्याचा उचलू नका.”

पुढं माझी बदली इस्लामपूरला झाली. मिरज काही लांब नाही. एसटीनं जावं, त्यांना सोबत घ्यावं, कोरेगावच्या बाजारात उभं राहून सांगावं, असं मी किती रविवारी ठरवलं. रविवार मोजायला गेलो तर मलाच शरम वाटेल. मग एक दिवस तो धनगर शिंगरीची तब्येत दाखवायला आला आणि जाता जाता म्हणाला, “आबा ग्येले की वं. तुमास्नी कळलं न्हाई व्हय?”

मी त्याच दुपारी मिरजेला गेलो. मुलीच्या दोन खोल्यांच्या घरात तसबीर तीच होती, आणि खाली लाल दोऱ्याचा खरारा. तो त्यांनी बरोबर आणला होता. मी दारातच उभं राहून सगळं सांगून टाकलं. खरारा, शिबिर, मनगट, बटण. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. नर्सला ऐकायची सवय असते.

“आबा कधी रागावले का माझ्यावर?” मी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “शेवटी खाटेवर होते तेव्हा म्हणायचे, डाक्टरचा हात हलका हाय, फकस्त बाही वर कराया लय येळ लावतोय.”

मी रडलो असेन. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी तो प्यायला घेतला, तर म्हणाली, “हात धुवा आधी.” धुतले.

“झालं सांगून?” तिनं विचारलं.

“झालं,” मी म्हणालो. खरं सांगतो, मला हलकं वाटायला लागलं होतं.

“मला सांगून काय उपयोग, डॉक्टर? मी सुट्टीला यायचे तेव्हाच तुमची फुल बाही बघून मला कळलं होतं. आबांचं नाव गेलं ते कोरेगावच्या बाजारात. तिथं जाऊन सांगा. आणि जाताना हाफ बाहीचा शर्ट घाला.”