रिलीव्हर येईपर्यंत

इनामगावचा सुमित कॉलेजात आला तो पायात कंपनीचे सेफ्टी शूज घालून. काळे, दणकट, चालताना धाड धाड वाजणारे. रांजणगावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं दोन वर्षं काढल्यावर त्याच्याजवळ धड असे तेवढेच बूट होते. वर इन केलेला शर्ट, मिशी कोरलेली. शिरूरच्या कॉलेजच्या फाटकातून पहिल्या दिवशी आत शिरला, तर पार्किंगमध्ये गाड्यांवर बसून खिदळणारी पोरं टणाटण उभी राहिली. एकानं तर 'गुड मॉर्निंग सर' ठोकून दिलं. "आरं, मी बी एफवायलाच हाय," असं यानं म्हटल्यावर पोरांचा जीव भांड्यात पडला आणि मग जी हसली म्हणता, विचारू नका! त्या दिवसापासून अख्ख्या एफवाय बीएचा तो 'दादा' झाला.

बारावी झाली त्याच साली त्याचा बाप गेला होता. आई, ताईबाई, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. मग पोरगा गेला कंपनीत. पण थोरल्या बहिणीचं, दीक्षाचं, लग्न उरकलं तशी ताईबाईनं टुमणं लावलं, की आता शीक. नुसतं टुमणं नाही, एके दिवशी बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभं करून त्याच्याकडून कबूल करून घेतलं. फोटोपुढं दिलेला शब्द मोडायचा कसा? आला बिचारा कॉलेजात. पण जीव काही थाऱ्यावर नव्हता.

बाकावर त्याला बूडच टेकवत नव्हतं. सर बोलायचे, पोरं लिहायची, आणि याचे हात बाकाखाली चाळवायचे. कंपनीत तो फ्रीजच्या दारांना बिजागऱ्या बसवायचा. दार आलं, बिजागरी लावली, स्क्रू आवळले, दार पुढं. ते हात तासभर रिकामे बसणार कसे? त्यात तास संपला की त्याला वाटायचं, काय तयार झालं? कंपनीत शिफ्ट सुटताना मागं वळून बघितलं की दारांची रांग दिसायची. इथं मागं वळून बघावं तर शेवटच्या बाकावर मोबाईलमध्ये तोंड घातलेली चार टाळकी.

आता त्या कंपनीतली एक रीत आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. लाईनवरचा माणूस आपली जागा वाटेल तेव्हा सोडत नाही. तहान लागो, काही लागो. त्याच्या जागी उभा राहणारा गडी आला की मगच हालायचं. त्या गड्याला म्हणायचं रिलीव्हर. मशीनच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून रिलीव्हर मागून यायचा आणि खांद्यावर हात ठेवायचा. खांद्यावर हात पडला, की जा. नाही पडला, तर उभा राहा. एकदा दौंडचा एक पोरगा रिलीव्हर यायच्या आधीच चहाला पळाला, आणि अडकलेलं दार सोडवताना शेजारच्याचं बोट चेंगरलं. सुमितनं ते डोळ्यांनी बघितलेलं. गावातलेच चांगदेवमामा त्यांच्या लाईनचे लीडर होते. त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना दम भरला होता, "रिलीव्हर येईस्तोवर मेलात तरी जागा सोडायची न्हाई." सुमितनं ते असं मनावर घेतलं की झोपेत कुणी खांद्याला हात लावला तरी उठून चालू पडायचा.

आणि नेमकं तेच झालं. इतिहासाचे गव्हाणे सर एकेकाला उभं करून गाव विचारत होते. सुमित म्हणाला, "इनामगाव." झालं! सरांना एवढा आनंद झाला की जणू हरवलेला भाऊच सापडला. "अरे, घोडनदीच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वी माणसं राहत होती, ते इनामगाव! तुझ्या गावाला शोधत लांबून लांबून संशोधक आले आणि तू इथं मागच्या बाकावर बसतोस?" असं म्हणत सर बाकांमधून चालत आले, त्याला खाली बसवलं आणि कौतुकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून वर्गाला सांगू लागले.

खांद्यावर हात पडला तसा सुमित उठला. बॅग घेतली आणि शांतपणे दारातून बाहेर चालता झाला.

सर बघतच राहिले. वर्गात हास्याचा नुसता भडका. व्हरांड्याच्या टोकाला पोचल्यावर सुमितला उमगलं की आपण काय करून बसलो. कानशिलं तापली. परत जावं तर तोंड कुठं दाखवायचं? तो तसाच कॅन्टीनच्या मागं जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं सरांना सगळं सांगितलं. सर मनापासून हसले, पण पोरांनी मात्र खेळच केला. येता जाता कुणीतरी मागून खांद्यावर हात ठेवायचं आणि म्हणायचं, "दादा, सुटला तुम्ही!"

सकाळी तर जास्तच घालमेल व्हायची. फाट्यावर एसटीची वाट बघत उभं राहावं, तर आधी यायची कंपनीची बस. खिडकीतून ओळखीची डोकी बाहेर. "काय सायब, चढता का? जागा हाय!" बस निघून जायची. मग एसटी येईपर्यंत याचे पाय नुसते जागच्या जागी चुळबुळत. कंपनीची बस कधी चुकायची नाही आणि एसटीचा कधी भरवसा नाही. चांगदेवमामा संध्याकाळी भेटले की विचारायचे, "करमतंय का रं?" तो "व्हय" म्हणायचा. पण मामांनी माणसं हाताळण्यात जन्म घालवलेला. त्यांना काय कळत नव्हतं?

त्यातल्या त्यात एका ठिकाणी त्याचा जीव रमायचा. 'कमवा आणि शिका' योजनेत त्याला ग्रंथालयात काम मिळालं होतं. तास संपले की काउंटरवर बसायचं, पुस्तकं द्यायची, आलेली जागेवर लावायची. तिथं हातांना काम होतं आणि संध्याकाळी मागं वळून बघितलं की पुस्तकांची सरळ रांग दिसायची. ग्रंथपाल होत्या हन्ना मॅडम. शिरूरच्या जुन्या मिशनच्या आवारातलं घराणं, बोलणं नेमकं, शिस्त कडक. दर रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायच्या, आणि ग्रंथालयात कुणी कुजबुजलं तरी चष्म्यावरून असं बघायच्या की कुजबुजणारा आपणहून बाहेर. सुमितवर मात्र त्यांचा जीव होता. एवढं नीट काम करणारा पोरगा त्यांना पहिल्यांदाच मिळाला होता.

त्या दिवशी दुपारी इतिहासाची अंतर्गत परीक्षा होती. सुमितनं अभ्यास केलेला, पुन्हा पुन्हा केलेला. सरांपुढं एकदा तरी मान वर करून जायचं होतं त्याला. परीक्षेला थोडा वेळ होता म्हणून तो काउंटरवर आला. तेवढ्यात मॅडमना फोन आला. त्यांचा चेहरा पडला. "सुमित, मी आलेच. मी येईपर्यंत काउंटर सोडू नकोस हं," एवढं म्हणून त्या पर्स उचलून निघाल्या. कपाटं सताड उघडी आणि किल्ल्या पर्समध्ये.

परीक्षेची घंटा झाली. वाचत बसलेली पोरं उठली. बाकावरचा शेजारी, यवतचा प्रांजल, दारातून ओरडला, "दादा, चल की!"

"मॅडम येतील आत्ता."

"आरं, पेपर हाय!"

"तू हो पुढं. आलोच."

मॅडम आल्या नाहीत. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, बंद. शिपाई पोपटमामा वर पेपर वाटण्यात गुंतलेले. सुमित काउंटरमागं उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. दारापर्यंत गेला आणि परत आला. वरच्या मजल्यावर आपला बाक रिकामा असेल, हे त्याला डोळ्यांपुढं दिसत होतं. पण पाय उंबऱ्यापलीकडं पडेना. कुणी येईना, आणि कुणी आल्याशिवाय जागा सोडायची, हे त्याला जमण्यासारखंच नव्हतं.

शेवटी पोरं पेपर देऊन गलका करत जिना उतरली. मागून पोपटमामा आले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "तू हितंच? आरं, मॅडमच्या आईला दवाखान्यात न्हेलंय! त्या तवाच रिक्षा करून गेल्या की!"

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गातच विचारलं, "गैरहजर का?" सुमितनं सांगितलं. सरांना राग आला, आणि तो खरा होता, कारण त्यांची त्याच्यावर आशा होती. "ग्रंथालय काय पळून जाणार होतं? दार ओढून घ्यायचं आणि यायचं! एवढी साधी गोष्ट कळू नये?" वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, त्याच्या खांद्यावर हात ठेवायला कुणी गेलं न्हाई ना!" पुन्हा हसले. सुमितनं मान खाली घातली. कंपनीत ज्या गोष्टीसाठी मामा पाठ थोपटायचे, त्याच गोष्टीसाठी इथं येडा ठरलो, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. परीक्षा गेली याच्यापेक्षाही ते लागलं.

त्याच संध्याकाळी चांगदेवमामांचा निरोप आला. सोमवारपासून नवी लाईन सुरू होतेय, तुझी जागा धरून ठेवलीय, शनिवारी दुपारपर्यंत नक्की सांग. सुमितनं आईला सांगितलं, "म्या जातो परत. तितं न्हाई माझं काम."

ताईबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. ती रडेल, फोटोकडं बोट दाखवेल, असं त्याला वाटलेलं. तिनं तसलं काही केलं नाही. पुन्हा पिठाला हात घातला आणि म्हणाली, "जायचं तर जा बाबा. बळंच कुणाला शिकवता येतं व्हय? पर त्या बाईला सांगून जा. तुझ्या भरवशावर बसली आसंल ती. आशी वाऱ्यावर सोडून येऊ नगंस." एवढं बोलून तिनं तोंड चुलीकडं फिरवलं ते जेवणं होईपर्यंत इकडं केलं नाही.

म्हणून शनिवारी तो कॉलेजात गेला. हन्ना मॅडम त्याच दिवशी परत आल्या होत्या, चेहरा ओढलेला. पण त्यांच्या आईचं दुखणं निभावलं होतं. सुमित सवयीनं काउंटरमागं बसला आणि म्हणाला, "मॅडम, माझ्या जागी दुसरं कुणी बघा. आलं की त्याला सगळं दावतो, आन् मग मी जातो. सोमवारपासून कंपनीत चाललोय."

"का रे? काय झालं?"

मग एकदा तोंड उघडलं तसं सगळंच भडाभडा बाहेर आलं. पेपर, फोन, दौंडचा पोरगा, बोट, चांगदेवमामा, वर्गातलं हसणं. "हितं लोक जागा कशीबी सोडत्यात मॅडम. मला न्हाई जमत. आन् जमलं न्हाई की हितं हसत्यात."

हन्ना मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे माझ्यामुळं," त्या म्हणाल्या. "देवा रे! मी तुला बसवून गेले आणि विसरूनच गेले. इतक्या वर्षांत माझ्या शब्दाखातर असं कुणी थांबलं नाही रे." त्यांनी तिथल्या तिथं गव्हाणे सरांना फोन लावला. कबड्डीच्या सामन्यांना गेलेल्या पोरांचा राहिलेला पेपर वरच्या खोलीत नुकताच सुरू होत होता. "सर, चूक माझी आहे," मॅडम फोनवर म्हणाल्या, अगदी कडक आवाजात. "लेखी पाहिजे तर लेखी देते. पण या मुलाचा पेपर घ्या." पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे. त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "जा."

सुमित हालला नाही. "तुम्हाला प्रिन्सिपलनी मीटिंगला बोलावलंय ना? काउंटरवर कोण—"

"मीटिंग गेली खड्ड्यात!" हन्ना मॅडमच्या तोंडून असलं काही निघेल असं त्या ग्रंथालयाच्या भिंतींनाही कधी वाटलं नसेल. वाचणाऱ्या पोरांनी चमकून माना वर केल्या. मॅडम काउंटरला वळसा घालून मागं आल्या आणि त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. "असंच ना?" असं म्हणून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

सुमित उठला. डोळे भरून आले होते म्हणून त्यानं मागं बघितलंच नाही. सेफ्टी शूज धाड धाड वाजवत जिना चढला.

वर कबड्डीची पोरं लिहायला लागली होती. सरांनी मान हलवून बाक दाखवला. सुमितनं पेपर घेतला. पहिलाच प्रश्न त्याच्या गावाचा. इनामगावची माणसं काय पिकवायची, घरं कशी बांधायची. तो लिहीत सुटला. हात असे चालत होते की दोन्ही पाय बाकाखाली गप्प होते.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. चांगदेवमामा. शनिवारची दुपार भरली होती. सुमितनं नावाकडं बघितलं, फोन बंद केला आणि बॅगेत टाकून दिला. आवाज ऐकून गव्हाणे सर बाकापाशी आले. रागावले नाहीत. सवयीनं त्यांचा हात त्याच्या खांद्यावर पडला, आणि दुसऱ्याच क्षणी चटका बसल्यासारखा त्यांनी तो मागं घेतला. "अरे, उठू नकोस बाबा!"

"न्हाई उठत सर," सुमित लिहिता लिहिताच म्हणाला. "माझा रिलीव्हर अजून यायचाय."