फळ्यावर नुसता बाण उरला

"बघा रे! हिनं सगळंच तोडलं. ऊसतोड्याची पोर हाय, पाचट बी ठिवलं न्हाई!"

केमिस्ट्रीचे सर असं म्हणाले आणि बारावीचा अख्खा वर्ग खिदळला. मी फळ्यासमोर उभी, हातात खडू.

चूक माझीच होती. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचं पाणी ओतलं तर काय होतं, त्याचं नेट आयनिक समीकरण लिहायचं होतं. पाण्यात विरघळलेलं आयनांत फोडायचं, बाणाच्या दोन्ही बाजूंना सारखं दिसेल ते कापायचं, उरेल ते लिहायचं. मी सगळंच फोडलं आणि सगळंच कापलं. चुकणार नाही तर काय? हा धडा वर्गात चालला तेव्हा मी आईबापांबरोबर उसाच्या फडात मोळ्या बांधत होते; परीक्षेसाठी मी एकटीच गावी आत्याकडं परतले होते. सरांना ते चांगलं ठाऊक होतं. त्यांचा थोरला भाऊच मुकादम. शिरूर कासारहून आमची टोळी ट्रकात भरून कारखान्यावर नेतो तोच.

चूक दाखवली असती तर शिकले असते. सर म्हणाले, "तुला समीकरण कशाला पायजे? तुझा हात भांड्याला बरा हाय."

त्या दिवसापासून लॅबमध्ये मी नळाखाली. बाकीच्यांनी प्रयोग करायचे, मी त्यांच्या टेस्ट ट्यूब ब्रशनं घासायच्या. हाताला कोयत्याचे घट्टे होतेच, त्यांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग पडले. साबणानं जात नाहीत ते. डबा खाताना मुली सरकून बसायच्या. आणि मी गप. आज माझी मलाच चीड येते.

पण भीती होती. आई म्हणाली होती, "बारावी हुकली तर फुडल्या हंगामाला तुझा बी कोयता करावा लागंल." आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. म्हणजे माझं लग्न. आणि प्रॅक्टिकल सरांच्या हातात.

एकदा घासताना त्याच प्रयोगाच्या एका ट्यूबच्या तळाला पांढरा साका दिसला. पाणी ओतलं, हलवलं. विरघळेना. मग डोक्यात उजेड पडला. जे विरघळतच नाही ते मी फोडलं कशाला? ब्रश तिथंच टाकला. ओल्या हातानं फळ्यावर लिहिलं:

Ag⁺ + Cl⁻ → AgCl

सरांनी फळ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "आधी नळ्या धू. न्हाईतर प्रॅक्टिकलला बसू देणार न्हाई."

"ज्यानं वापरल्या त्यानं धुवाव्या," मी म्हणाले. "मी आता प्रयोग करणार हाय."

सरांनी डस्टर घेतलं आणि समीकरण पुसलं. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा पुसलं. मी पुन्हा लिहिलं, खडू मोडेस्तोवर लिहीत राहिले.

प्रॅक्टिकलला त्यांनी मला बसू दिलं नाही. हंगाम संपल्यावर मुकादमानं बापाला बोलावून सांगितलं, "पोरीचं उरकून टाक." बाप मान खाली घालून घरी आला. त्याची ती मान मी विसरणार नाही.

दिवाळीच्या सुमारास ट्रक येईल. त्यात माझं बोचकं नसेल, हे मी घरात सांगून टाकलंय. आई रडली. मी गावात आत्यापाशी राहणार. परीक्षेला पुन्हा बसणार, त्याच लॅबमध्ये, त्याच सरांपुढं. माझ्या ट्यूब मी धुवीन. लाडक्यांच्या ट्यूबसाठी ब्रश सरांनी स्वतः उचलावा.